त्रिकाळदर्शी बाबाची एक जानेवारी

देवरामच्या अंगणात सगळा पाडा लोटला होता. मधोमध पाटावर मोबाइल, मोबाइलला हळदकुंकू, आणि स्पीकरवर बाबा.

"बेटा देवराम, तुझ्या बापाचं नाव लाडक्या. तुझा जन्म एक जानेवारीचा. बोल, खरं की खोटं?"

"खरं, बाबाजी!" देवरामने फोनलाच हात जोडले. बायका चुकचुकल्या. न बघता सगळं सांगतो!

"त्या घडीला शनी वाकडा होता. तू सुनेचं सांगितलंस ना, तिच्या पोटावर म्हणूनच सावली पडलीय. आता फोनवर सहा आकडे येतील, ते वाचून दाखव. सावली उतरेल."

सून सपना दिवस भरलेली. तिला जव्हारच्या दवाखान्यात न्यायच्या जीपचं भाडं देवरामने खात्यात जपून ठेवलेलं.

ओट्यावर मिश्री लावत बसलेली रुपीआजी थांबली. पाड्यातली निम्मी माणसं तिच्याच हातावर जन्मलेली.

"एक जानेवारी? अरे देवराम, तुझ्या वेळी भाताची कापणी चालू होती. विळा टाकून धावले मी."

"आजी, बाबांपेक्षा तुला जास्त कळतं?" शेजारचा तुळशीदास खेकसला. "बाबाजी, माझा सांगा!"

पलीकडे कागद चाळल्यासारखं वाजलं. "तुळशीदास... एक जानेवारी."

"वा!" अंगण गरजलं.

"वा काय? तू उन्हाळ्यात, बोहाड्याच्या उत्सवात झालास. तुझा बाप रावणाचं सोंग न उतरवता मला बोलवायला आला, मीच दचकले! बाबा, आता रुपीचा सांग."

"एक जानेवारी, माताजी."

आजी खळखळून हसली. "आमच्या पाड्यात काय एकाच दिवशी सगळ्या बाया अडल्या? अरे, आधार काढताना तारीख कुणालाच सांगता आली नाही, म्हणून त्या माणसाने सगळ्यांना एकच टाकली. देवाला खरा दिवस कळला असता. याला कागदावरचा खोटा कळलाय!"

बायकांतली सकू हळूच म्हणाली, "मागच्या बाजारी खोडाळ्याला फुकट बॅटरी मिळाली, तेव्हा आधारची झेरॉक्स आणि फोन नंबर घेतले होते आपल्या सगळ्यांचे."

तेवढ्यात फोन टिंग करून वाजला. सपनाने वाचलं, "मामा, बँकेचा निरोप आहे. हे आकडे कुणालाही सांगू नका, असं लिहिलंय."

"बेटा, लवकर! सावली वाढतेय!" बाबा ओरडला.

"वाढू दे," देवराम म्हणाला आणि त्याने फोन बंद केला. तुळशीदास बराच वेळ आपल्या फुकटच्या बॅटरीकडे बघत राहिला.

चौथ्या दिवशी जपून ठेवलेल्या त्याच पैशांत जीप करून सपना जव्हारच्या दवाखान्यात पोचली. मुलगी झाली. नर्सने कागद पुढे ओढला तशी आजी म्हणाली, "बाई, तारीख आजचीच लिहा हो. आणि पोरी, मोठी झालीस की कुणी तुझं सगळं फडाफडा सांगू लागला, तर हात जोडू नको. आधी विचार, तुला हे कुठून कळलं?"