मचाणावरून आठ मीटर

दोह्याबाहेर समैस्मा गावाच्या अलीकडे एका कतारी मालकाचा मोठा मजरा, म्हणजे शेतवाडी, आहे. खजुरीच्या रांगा, मेंढ्यांचा गोठा आणि उंच जाळीच्या कुंपणात मोकळी सोडलेली हरणं. गिरीश तिथे जनावरांचा डॉक्टर म्हणून दर शुक्रवारी जायचा. त्या शुक्रवारी त्याच्याबरोबर त्याचे वडील गोविंदराव होते आणि मुलगी ईरा होती.

ईरा सातवीत. मागच्या खेपेला तिने एक हरणी लंगडताना पाहिली होती. कुंपणाची सुटलेली तार तिच्या मागच्या पायाला गुंडाळली गेली होती आणि हळूहळू आत रुतत चालली होती. तेव्हापासून घरी रोज एकच प्रश्न.

"बाबा, तिचा पाय जाणार का?"

"तार काढली तर वाचेल. पण लवकर काढायला हवी."

"मग काढा ना! व्हॉट आर यू वेटिंग फॉर?"

थांबण्याचं कारण होतं. ती हरणी माणसाला जवळ येऊ देत नव्हती, आणि हरणाला पिटाळून धरलं तर ते नुसत्या भीतीने मरतं. उरला एकच उपाय, तो म्हणजे लांबून गुंगीचा डार्ट मारायचा. पाण्याच्या हौदाशेजारी एक जुनं बोरीचं झाड होतं. हरणं सहसा वर बघत नाहीत, म्हणून मजऱ्याची देखभाल करणाऱ्या उमैरने त्याच्या फांद्यांत परांचीच्या फळ्या बांधून मचाण केलं होतं. उमैर कोकणातल्या म्हसळ्याचा. त्याला गोविंदरावांशी मराठी बोलायला मिळालं की फार बरं वाटायचं.

"काका, बसा सावलीत. ती येते उन्हं उतरल्यावर. आधी नाय येयाची."

गोविंदराव नाशकात गणित शिकवून निवृत्त झालेले. दोह्यात मुलाकडे आल्यावरही शिकवणं सुटलं नव्हतं. ओल्ड एअरपोर्ट भागातल्या फ्लॅटमध्ये इमारतीतली मुलं त्यांच्याभोवती जमायची. मूल कितीही वेळा अडलं तरी ते चिडत नसत. त्यांचा नियम एवढाच की उत्तर आलं की पडताळा करायचा. पडताळा जुळल्याशिवाय उत्तराखाली रेघ मारायची नाही. गिरीशही त्याच नियमात वाढला होता.

गिरीश मचाणावर चढला. त्याचं अंतर मोजायचं यंत्र बिघडलं होतं, म्हणून उमैरने मालकाचं यंत्र आणून दिलं होतं. मालक डोंगरात शिकारीला जाताना नेत असे ते. गिरीशने ते डोळ्याला लावून हौदाच्या कडेवर धरलं.

"दहा मीटर," तो वरून म्हणाला.

"थांब!" गोविंदराव खुर्चीतून उठलेच. "ईरा, इकडे ये. तुझे बाबा किती उंचावर आहेत?"

"उमैरअंकल म्हणाले सहा मीटर."

"बरं. आता बघ. बाबांच्या डोळ्यापासून हौदापर्यंत एक दोरी ताणली तर ती कशी दिसेल?"

"तिरकी."

"शाबास. यंत्राने ती तिरकी दोरी मोजली. पण डार्ट खाली किती ओढला जाईल ते जमिनीवरच्या अंतरावर ठरतं, झाडाच्या बुंध्यापासून हौदापर्यंतच्या. तिरकं अंतर धरून नेम घेतला तर डार्ट वरून जाईल. लहानपणी मी मामाबरोबर रानडुकरांच्या राखणीला मचाणावर बसायचो. नवीन माणसाची गोळी हटकून डुकराच्या पाठीवरून जायची. आता सांग, जमिनीवरचं अंतर किती?"

ईराने वाळूत काटकीने त्रिकोण काढला. दहाचा वर्ग, त्यातून सहाचा वर्ग वजा. तिचे डोळे चमकले.

"आठ! आजोबा, एक्झॅक्ट आठ!"

"पडताळा?"

"चौसष्ट अधिक छत्तीस, शंभर. यल्ला, खलास!"

"मार रेघ."

तिने वाळूत ठसठशीत रेघ ओढली. उमैर हसून म्हणाला, "डॉक्टर, पोरगी तुमच्या पुढं जानार."

वर गिरीशने बंदूक मांडीवर घेतली. हवेच्या दाबावर चालणारी ती बंदूक, जितकं अंतर तितका दाब लावायचा. दाब कमी पडला तर डार्ट खाली जातो, जास्त झाला तर अंगात खोल घुसतो. त्याने पुन्हा एकदा हौदाकडे नुसत्या डोळ्यांनी पाहिलं.

"अण्णा, आठपेक्षा जास्त वाटतंय मला," तो वडिलांना म्हणाला.

"वरून तसंच वाटतं रे. डोळा फसवतो, आकडा नाही. पडताळा जुळलाय."

गिरीश थोडा घुटमळला. मग त्याने दाबाची खूण आठवर आणली.

उन्हं कलली. आजोबा आणि नात गाडीत काचा वर करून बसले. आधी दोन पाडसं आली, मग इतर हरणं, आणि सगळ्यांत शेवटी ती आली, तीन पायांवर उडत. ईराने आजोबांचं मनगट घट्ट धरलं. हरणी हौदाशी वाकली, पाणी प्यायली, आणि वळून आडवी उभी राहिली. मांडी पूर्ण समोर आली.

फट्ट असा बारीक आवाज झाला.

डार्ट मांडीत लागला नाही. तो वीतभर खाली, धडधाकट असलेल्या दुसऱ्या मागच्या पायाच्या नळीवर आदळला. हरणाची ती हाडं बोटाएवढी जाड. हरणीने उडी मारली आणि ती मागच्या दोन्ही पायांवर कोसळली. पुढच्या पायांनी वाळू ओढत ती कुंपणाकडे सरकू लागली.

गिरीश झाडावरून जवळजवळ उडी मारूनच उतरला. उमैरने हरणीच्या डोळ्यांवर आपला रुमाल टाकला. गिरीशने मोडलेला पाय चाचपला; हाडाचे तुकडे झाले होते, ते जुळणारे नव्हते. मग गाडीजवळ येऊन त्याने पेटीतून दुसरं औषध काढलं. ते कशाचं, हे ईराने विचारलं नाही.

हरणीचा श्वास थांबल्यावर गिरीशने पक्कड घेऊन ती तार कापली. एका दाबात तुटली.

"एवढंच होतं?" ईराने विचारलं.

"एवढंच होतं."

गोविंदराव हौदापाशी उभे होते. त्यांनी उमैरकडे मोजायची फीत मागितली. एक टोक उमैरने बुंध्याशी धरलं, दुसरं त्यांनी हौदाच्या कडेला नेलं. वाकून आकडा पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. जमिनीवरचं अंतर दहा मीटर होतं.

"गिरीश, ते यंत्र बघू."

गिरीश ते घेऊन पुन्हा मचाणावर चढला आणि त्याने ते डोळ्याला लावून हौदाच्या कडेवर धरलं. आकड्याच्या शेजारी कोपऱ्यात एक बारीक तिरकी रेघ होती. त्याने बटण दाबून धरलं, रेघ गेली, आणि आकडा बदलून जवळजवळ बारा झाला.

"हे डोंगरातलं आहे अण्णा. उतार स्वतःच वजा करून दाखवतं. आपण वजा केलेल्यातून पुन्हा वजा केलं." खाली उतरल्यावर तो म्हणाला, "मी बघायला हवं होतं. बंदूक माझ्या हातात होती."

ईरा दोघांकडे बघत होती. तिचा आवाज एकदम लहान झाला.

"आजोबा, माझं गणित चुकलं?"

गोविंदराव तिच्यासमोर वाळूत गुडघे टेकून बसले. वयाला ते सोपं नव्हतं.

"नाही बाळा. तुझं गणित बरोबर आहे. मी तुला चुकीचा आकडा धरून गणित करायला लावलं. तो आकडा कशाचा आहे, हे आधी विचारायचं असतं. मी विचारलं नाही."

"पण पडताळा जुळला होता."

"पडताळ्याने बेरीज बरोबर आहे की नाही, एवढंच कळतं."

मागे उमैर फावड्याने खड्डा करू लागला होता.

"पण बाबांना लांब वाटलं होतं. ही सेड सो. मी ऐकलं."

"हो. बोलला तो."

"मग तुम्ही त्यांचं ऐकलं का नाही?"

"ईरा!" गिरीश म्हणाला.

"विचारू दे तिला." गोविंदराव पुन्हा तिच्याकडे वळले. "कारण तुझं उत्तर इतकं छान आलं होतं, आणि तू इतकी खूश होतीस. मला ते बरोबरच ठरायला हवं होतं. त्यापुढे मी हरणीकडे बघितलंच नाही."

ईराने मान हलवली. तिला कळलं होतं, आणि कळून काही हलकं झालं नव्हतं. ती वळली आणि गाडीकडे गेली. एरवी ती मागे आजोबांशेजारी बसायची. आज पुढचं दार उघडून बाबांच्या बाजूच्या सीटवर बसली आणि पट्टा लावला.

समैस्मापासून ओल्ड एअरपोर्टपर्यंत गोविंदरावांना तिची वेणी तेवढी दिसत राहिली. ती एकदाही मागे वळली नाही, आणि त्यांनीही तिला हाक मारली नाही.