सर्वात ताजा हात

नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी लुइव्हिल पायलट्स या आमच्या बेसबॉल संघाने जाहीर केलं, की चेंडू टाकणारा मुख्य पिचर ब्रॅडी वॉलेक अत्यंत दमलेला आहे. पत्रक दीड ओळीचं होतं. वॉलेक त्या दिवशी माँटानात होता आणि शिकार केलेल्या एल्क हरणाच्या मागच्या फऱ्याचं मांस पाठीवर घेऊन डोंगर उतरत होता. फोटो त्यानेच टाकला होता. चेहऱ्यावर घामाचा थेंब नव्हता.

आमच्या धंद्यात दमण्याचा शरीराशी फारसा संबंध नसतो. त्यासाठी अर्ज भरावा लागतो. मोसमात ज्या पिचरने ठरावीक संख्येपेक्षा जास्त इनिंग, म्हणजे सामन्यातले डाव, टाकल्या, त्याला क्लब 'अत्यंत श्रांत' ठरवू शकतो. मग हिवाळ्यात डोमिनिकन रिपब्लिकमधल्या लीगमध्ये त्याला कुणी खेळवू शकत नाही. वॉलेकला तिकडून कुणी बोलावलंही नव्हतं. पण नियमात बसत होता, म्हणून त्याला दमवला.

त्याच पत्रकाच्या खाली लेउरिस पाउलिनोचं नाव होतं. वय पंचवीस, राखीव पिचर, गाव डोमिनिकन रिपब्लिकमधलं सान पेद्रो. मोसमभरात अडतीस इनिंग, सहाशे बारा चेंडू. क्लबच्या भारमापन विभागाने त्याच्यावर 'संघातील सर्वात ताजा हात' असा शिक्का मारला होता. पुढच्या वर्षी तो सामना सुरू करणारा पिचर होणार होता. राखीव पिचर त्या जागेसाठी नवस बोलतात. पण तेवढं टाकायचं तर हाताला सवय हवी, म्हणून लेउरिसने हिवाळ्यात आपल्या गावच्या संघाकडून साठ इनिंग टाकून यायच्या होत्या. थोडक्यात, वॉलेकने विश्रांती घ्यायची आणि लेउरिसने घाम गाळायचा, असं ठरलं. आकडे तसंच सांगत होते.

आकड्यांना एक गोष्ट माहीत नव्हती. ती फाउस्तोला माहीत होती.

फाउस्तो बिडो हा बुलपेनचा कॅचर, म्हणजे चेंडू झेलणारा. मैदानाच्या डाव्या कोपऱ्यात, कुंपणापलीकडे, राखीव पिचर जिथे हात गरम करतात तिथे तो एकोणीस वर्षं उकिडवा बसत आला होता. वय त्रेपन्न. संघ बसतो त्या डगआउटमधून मॅनेजरचा, म्हणजे मैदानावर संघ चालवणाऱ्याचा, फोन यायचा, 'लेउरिसला उठव', की लेउरिस उठायचा आणि फाउस्तोकडे पंचवीस-तीस चेंडू टाकायचा. पुष्कळदा मॅनेजरचा विचार बदलायचा. लेउरिस बसायचा. दोन इनिंगांनी पुन्हा फोन. पुन्हा तीस चेंडू. सामना संपला की नोंदवहीत लेउरिस पाउलिनोने त्या दिवशी काहीच केलेलं नसायचं. कुंपणापलीकडे टाकलेला चेंडू हा चेंडू नव्हे, अशी या खेळाची शंभर वर्षांची श्रद्धा आहे.

फाउस्तो मात्र हे चेंडू मोजायचा. त्यात थोर काही नव्हतं. त्याच्या मिटच्या, म्हणजे झेलायच्या हातमोज्याच्या आत, तळहाताशी, भांडी घासायच्या स्पंजचा एक तुकडा असायचा. पाचशे चेंडूंनी स्पंज मरतो आणि मग तळहाताची हाडं बोलायला लागतात. म्हणून गुडघ्याच्या पॅडला तो पांढरी चिकटपट्टी लावायचा, तिच्यावर रेघा मारायचा, आणि सामना संपला की तारीख घालून ती पट्टी सामानाच्या पेटीच्या झाकणावर आतून चिकटवायचा. लेउरिसच्या रेघा लाल. ऑक्टोबरपर्यंत झाकणाचं लाकूड दिसेनासं झालं होतं.

पत्रक निघालं त्या दुपारी लेउरिस ड्रेसिंग रूममध्ये बॅग भरत होता. फाउस्तो दोन कप कॉफी घेऊन आला आणि एक कप त्याच्या उजव्या, चेंडू टाकायच्या हाताशी धरला. लेउरिस वळला आणि कप डाव्या हाताने घेतला.

"उजव्याला काय झालं?" फाउस्तोने विचारलं.

"काही नाही, तिओ. डावा मोकळा होता." लेउरिस त्याला तिओ, म्हणजे काका, म्हणायचा.

"दोन्ही मोकळे होते. आणि दाढी कुठल्या हातानं केलीस? हनुवटीवर तीन ठिकाणी कापलंय."

लेउरिसने हनुवटी चाचपली. "ब्लेड जुनं होतं."

"पोरा, मी तुझे चार हजारांवर चेंडू झेललेत. ऑगस्टपासून तुझा चेंडू मिटात येतो तेव्हा आवाज येत नाही, नुसता पोचतो. वरच्या लोकांना सांग. नाहीतर मी सांगतो."

"तू कॅचर आहेस की पोलीस?" लेउरिसने कप खाली ठेवला. "ऐक. आईनं गल्लीभर सांगून झालंय. घराच्या पुढच्या भिंतीवर माझ्या जर्सीचा नंबर रंगवून घेतलाय, दारापेक्षा मोठा. आणि सामना सुरू करणाऱ्याला पुढचे चार दिवस सुट्टी असते. तेव्हा घेईन की विश्रांती."

"म्हणजे विश्रांती मिळावी म्हणून जास्त काम मागतोयस."

"क्लबनंच शिकवलंय. तिओ, आईची शपथ आहे तुला. ते झाकण खोलू नकोस."

फाउस्तोने शपथ मोडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने झाकण खोललं नाही. चारही स्क्रू काढून ते अख्खं काखेत मारलं आणि लिफ्टने चौथ्या मजल्यावर गेला.

चौथ्या मजल्यावर बैठक चालू होती. सरव्यवस्थापक कोल्बी रेडमेकर टेबलाच्या टोकाला होता. तो आयुष्यात कधी बेसबॉल खेळला नव्हता, आणि हे तो स्वतःहून सांगत असे, कारण त्यामुळे त्याचं मन पूर्वग्रहांपासून मुक्त राहिलं होतं. शेजारी भारमापन विभागाच्या प्रमुख, डॉ. एल्स्पेथ क्विन. विमानाच्या पंखांना तडे कधी जातात हा त्यांचा मूळ विषय. समोर संघाचा मॅनेजर डेल ओस्ट्रँडर, वय चौसष्ट, तोंडात सूर्यफुलाच्या बिया.

"फाउस्तो, हे काय आहे?" रेडमेकरने विचारलं.

"पेटीचं झाकण."

"ते दिसतंय. इथे कशाला आणलंत?"

"ताजा हात बघायला," फाउस्तो म्हणाला आणि त्याने झाकण टेबलावर उलटं ठेवलं.

डॉ. क्विननी चष्मा बदलला. मग त्यांनी पेन्सिल घेतली आणि लाल रेघा मोजायला लागल्या. बैठकीला जेवणाची सुट्टी झाली, सँडविच आली, संपली. त्या मोजतच होत्या. शेवटी त्यांनी पेन्सिल ठेवली.

"चार हजार दोनशे एक्काहत्तर," त्या म्हणाल्या. "आपल्या नोंदीत सहाशे बारा आहेत. हे त्याशिवायचे. डेल, तुम्ही याला एकशे अठरा सामन्यांत उठवलंत. खेळवलंत एक्केचाळीस सामन्यांत."

"हात गरम करणं हे काय काम आहे?" ओस्ट्रँडर म्हणाला. "उद्या जांभया मोजाल."

"पण उरलेल्या सत्याहत्तर वेळा कशासाठी उठवलंत?"

"खात्री करून घ्यायला."

"कसली खात्री?"

"की तो तयार आहे."

"मग?"

ओस्ट्रँडरने एक फोलपट कपात थुंकलं. "दर वेळी तयार होता."

रेडमेकर झाकणाकडे पाहत होता, शेजाऱ्याच्या कुत्र्याने अंगणात काही आणून टाकावं तसा. "पण एल्स्पेथ, हे आपल्या प्रणालीत नाही."

"पंखालाही आपली प्रणाली माहीत नसते, कोल्बी. तो मोडतो. त्या मुलाचा कोपर तपासून घ्या. आजच."

तपासला. कोपराच्या आतला बंध सुजलेला होता आणि कडेने उसवायला लागला होता, तुटला नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं, तीन महिने चेंडूला हात लावायचा नाही. आणखी साठ इनिंग टाकल्या असत्या तर तीन महिन्यांऐवजी दीड वर्ष सांगावं लागलं असतं.

आता अडचण अशी, की अडतीस इनिंगवाला माणूस 'अत्यंत श्रांत' या व्याख्येत बसत नव्हता. रेडमेकरला लीगच्या कचेरीला अकरा पानांचं पत्र लिहावं लागलं, की संघातील सर्वात ताजा हात हाच संघातील सर्वात दमलेला हात आहे. सोबत झाकणाचा फोटो जोडला. नवं पत्रक निघालं तेव्हा आम्ही वार्ताहरांनी विचारलं, आठ दिवसांत असं काय बदललं. "माहिती अद्ययावत झाली," रेडमेकर म्हणाला.

लेउरिसला मिळणार असलेली सामना सुरू करायची जागा अडतीस वर्षांच्या एका पिचरला मिळाली. त्याच्या कोपरावर दोनदा शस्त्रक्रिया झाली होती. तिथे मोडण्यासारखं नवं काही उरलेलं नाही, ही त्याच्या बाजूची जमेची गोष्ट मानली गेली.

लेउरिसने सान पेद्रोहून फाउस्तोला एकदाच फोन केला.

"आईनं भिंत पुन्हा रंगवली," तो म्हणाला. "पांढरी."

"कोपर कसा आहे?"

फोन ठेवल्याचा आवाज आला.

एप्रिलमध्ये नवा मोसम सुरू झाला आणि बुलपेनमध्ये सुधारणा आल्या. डॉ. क्विननी चांगल्या मनाने एक नियम करून घेतला: बुलपेनमध्ये टाकलेला प्रत्येक चेंडू मोजायचा, लेउरिसला आठवड्याला एकशे वीसच्या वर नाहीत. मोजणीसाठी भिंतीवर यंत्र बसवलं. फोन वाजला की ते सुरू व्हायचं, कारण फोनशिवाय कुणी उठत नाही हे सर्वांना माहीत होतं. जुनं झाकण काच लावून चौथ्या मजल्यावर टांगण्यात आलं. फाउस्तोला 'नवकल्पना' प्रमाणपत्र मिळालं, त्यावर त्याचं आडनाव चुकलं होतं. नव्या पेटीचं झाकण प्लॅस्टिकचं होतं; त्याला पट्टी चिकटायची नाही. फाउस्तोने बाकाची खालची बाजू वापरायला सुरुवात केली.

ओस्ट्रँडर जुना माणूस होता, पण मूर्ख नव्हता. पहिल्या आठवड्यातच लेउरिसचे एकशे वीस बुधवारी संपले. गुरुवारी फोन वाजला नाही. मॅनेजरने डगआउटच्या पायरीवर उभं राहून टोपी काढली, डोकं खाजवलं आणि बुलपेनकडे बघत राहिला. लेउरिस उठला. यंत्र झोपलेलं होतं. त्याने बत्तीस चेंडू टाकले. फाउस्तोने बत्तीस रेघा मारल्या. लेउरिसने त्या पाहिल्या आणि तोंड फिरवलं. नोव्हेंबरपासून दोघांत 'हं' आणि 'बस' यांपलीकडे शब्द नव्हता.

मे महिन्यात मॅनेजर इतक्या वेळा डोकं खाजवत होता, की टीव्हीवर समालोचकांनी त्याच्या उवांविषयी सहानुभूती व्यक्त केली. कोंड्यावरच्या शांपूच्या एका कंपनीने त्याला जाहिरातीसाठी विचारलं. चौथ्या मजल्यावर मात्र आलेख सुंदर होता. लेउरिस पाउलिनो, आठवड्याला शंभर ते एकशे वीस, एकदाही मर्यादेबाहेर नाही. रेडमेकरने दुसऱ्या संघांच्या लोकांना तो दाखवायला बोलावलं. बाकाखालच्या हिशेबात तेच आकडे दुपटीच्या पुढे गेले होते.

फाउस्तोने एकदा बाक उपटून वर न्यायचा विचार केला. मग त्याला उमगलं, की वरचे लोक बाकालाही काच लावतील.

जूनच्या तिसऱ्या रविवारी दुपारचा सामना होता. ऊन भाजत होतं. आदल्या दिवशी लेउरिसचे चेंडू मिटात पुन्हा आवाज न करता येत होते, आणि सकाळी पाण्याचा पेला त्याने डाव्या हाताने घेतला होता. पायलट्स चार धावांनी पुढे होते. सहाव्या इनिंगमध्ये समोरच्या संघाचे दोन खेळाडू बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या थांब्यांवर, आले. ओस्ट्रँडर पायरीवर आला. टोपी काढली.

लेउरिस उठला, चेंडू घेतला आणि चेंडू टाकायच्या खुणेच्या पट्टीवर जाऊन उभा राहिला. फाउस्तो बाकावर होता. पायांचे पॅड उन्हामुळे त्याने काढून ठेवले होते. आता त्याने ते उचलले आणि डाव्या पायाचा लावायला घेतला. खालचा हुक. मधला हुक. वरचा हुक. मग त्याने पाय हलवून पाहिला, मान हलवली आणि तिन्ही हुक सोडले. पट्टा सरळ केला. खालचा हुक पुन्हा लावला.

लेउरिस चेंडू हातात फिरवत थांबला होता. झेलणारा नसेल तर चेंडू कुणाकडे टाकणार? डगआउटच्या पायरीवर मॅनेजर दोन्ही हातांनी डोकं खाजवत होता. फोन करता येत नव्हता. फोन केला तर यंत्र जागं होणार.

फाउस्तो मधल्या हुकापाशी पोचला तेवढ्यात मैदानावर बॅट वाजली. चेंडू जमिनीवरून क्षेत्ररक्षकाच्या हातात गेला, तिथून दुसऱ्या बेसवर, तिथून पहिल्या. एक आधी बाद होता, हे दोन धरून तीन. इनिंग संपली. ओस्ट्रँडरने टोपी घातली.

लेउरिस बराच वेळ पट्टीवर उभा होता. मग येऊन बाकावर बसला. फाउस्तोच्या पायांकडे पाहिलं.

"तिओ, उजव्या पायाचे तिन्ही राहिलेत."

"बघतोय. वय झालं. बोटं चालत नाहीत."

"हं," लेउरिस म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "आई विचारत होती तुझ्याबद्दल."

"काय म्हणाली?"

"शिव्या दिल्या. मग विचारलं, जेवतो का नीट."

आठव्या इनिंगमध्ये एक खेळाडू बेसवर आला. पायरीवर टोपी पुन्हा निघाली. फाउस्तोने उसासा टाकून उजवा पॅड उचलला, पण त्याआधीच लेउरिस खाली वाकला होता.

"थांब," तो म्हणाला. "माझ्या बुटाची नाडी सुटलीय."

त्याने नाडी पूर्ण काढली, दोन्ही टोकं जुळवून पाहिली आणि सर्वात खालच्या भोकापासून ओवायला सुरुवात केली. डाव्या हाताने. त्या हाताने त्याला ते नीट जमत नव्हतं, त्यामुळे बराच वेळ लागला.

सामना संपल्यावर फाउस्तोने पट्टीवर तारीख घातली, खाली शून्य लिहिलं आणि ती बाकाखाली चिकटवली. भिंतीवरच्या यंत्रातही शून्य होतं. मॅनेजरची टोपी निघालेल्या दिवशी दोन्ही आकडे पहिल्यांदा जुळले होते.