धनश्रीचा डावा हात

बाबुरावांनी सुनेचं मनगट धरलं आणि त्यांना वाटलं, आपली बोटंच मेली.

धनश्री पाटावर बसली होती, डावा हात पुढे करून. गळ्यातली पोत श्वासाबरोबर हलत होती. पण अंगठ्याच्या मुळाशी, जिथे तीन बोटं टेकवायची तिथे, काही म्हणजे काही लागत नव्हतं.

"काय म्हणते नाडी, आप्पा?"

"वात आहे थोडा. सुंठ घे." खोटं बोलताना त्यांनी मान खाली घातली.

बाबुराव तीस वर्षं सुरतेत मागावर राबले, पण त्यांचे वडील पारोळ्याकडचे नाडीवैद्य. त्यांच्यामागे हाताने लिहिलेली पोथी उरली होती. तिच्या जोरावर सुरतेच्या भेस्तान भागातल्या गल्लीत लोक बाबुरावांना हात दाखवायला यायचे. त्यांना स्वतःला मात्र वडिलांचा हात आपल्याला आलाय असं कधी वाटलं नाही. पोथीत होतं : बाईचा डावा पाहावा, पुरुषाचा उजवा. पुढच्या पानावर होतं : नाडी हरवली की माणूस तीन दिवसांचा.

तीन दिवस त्यांनी पेपराआडून सुनेवर नजर ठेवली. चौथ्या दिवशी ती मोरीत कपडे धूत होती. मधूनच डावा हात मांडीवर टाकून बसायची, पुन्हा उठायची. मरत नव्हती, एवढं खरं. आता त्यांना ती जिवंत आहे याचीच शंका येऊ लागली, आणि त्या शंकेची लाजही वाटू लागली.

त्यांच्या बायकोला, मालतीबाईंना, असली लाज नव्हती. सासूचा संशय जुना होता.

"भाकर थापी का हात दुखस, साडी वाळत टाकी का चक्कर येस!" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "पिक्चरचं नाव काढा, मंग बघा कशी टुणटुणीत! सोंग से सगळं."

"सोंग नाही गं," बाबुराव बोलून गेले. "तिची नाडीच लागत नाही."

मालतीबाईंच्या हातातली लसूण तशीच राहिली. त्यांनी हळूच विचारलं, "मंग ती कोन से?"

त्या दिवसापासून धनश्रीचा कप वेगळा झाला. उंबऱ्यावर लिंबू आलं. मुलगा हिलाल कारखान्यातून आला की आई त्याला बाजूला घेई, आणि तोही बायकोकडे चोरून बघू लागला. शेवटी त्याने एसटीडीवरून अमळनेरला फोन लावला. मेहुण्याला सांगितलं, रविवारी ये, बहिणीला घेऊन जा. परत कधी आणायचं, ते कुणी बोललं नाही.

रविवारी योगराज आला. खाटेच्या कडेवर बसला, चहाला शिवला नाही. "माझ्या बहिणीत खोट काय, ते तरी सांगा."

धनश्री पिशवी घेऊन सासऱ्यांच्या पाया पडायला वाकली. बाबुराव पोथी मांडीवर घेऊन बसले होते. हे सगळं आपल्या एका वाक्याने झालं, आणि ते वाक्य आपल्या बोटांनी सांगितलेलं. ती बोटं कधी भरवशाची होती?

"उजवा हात दे," ते म्हणाले.

"आप्पा, बायकांचा डावा बघतात ना?"

"दे म्हणतो ना!" एवढ्या मोठ्याने ते घरात कधी बोलले नव्हते.

उजव्या मनगटात नाडी मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यासारखी ठोकत होती. त्यांनी डावा धरला. शांत. पुन्हा उजवा. ठोके बोटांना ढकलत होते.

"कुणी कुठे जाणार नाही," बाबुराव म्हणाले. "अर्धीच बाई बघितली मी. चल, दवाखान्यात."

सरकारी दवाखान्यात रविवारच्या ड्युटीवरच्या डॉक्टरीणबाईंना बाबुरावांनी उंबऱ्यावरच्या लिंबासकट सगळं सांगितलं. त्यांनी धनश्रीच्या दोन्ही दंडांना पट्टा बांधला. डाव्यात प्रेशर सापडेना, उजव्यात भलतंच वर गेलेलं. मग गळ्यापाशी नळी लावून त्या बराच वेळ ऐकत राहिल्या.

"दादा, भूत-बूत कुछ नहीं," त्या म्हणाल्या. हृदयातून डाव्या हाताकडे जाणारी रक्तवाहिनी आतून सुजून अरुंद झालीय. फार कमी लोकांना होतं, बहुतेक तरुण बायकांना. हात राबवला, वर केला की रक्त पुरत नाही, म्हणून दुखतो, चक्कर येते. अजून तपासण्या करायच्या, गोळ्या खूप दिवस चालतील, प्रेशर सांभाळायचं. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

योगराज एकटाच परत गेला.

"दाक्तरीण तरुण से. तिले काय समजस?" मालतीबाई घरी आल्यावर म्हणाल्या. सोमवारी उंबऱ्यावरचं लिंबू तिथेच होतं. मंगळवारी बाबुरावांनी पेपराआडून पाहिलं : बायको स्टोजवळ बसून स्वतःचं डावं मनगट चाचपत होती. एकदा, दोनदा. मग उठून आली आणि हात पुढे केले.

"दखा. दोन्ही."

बाबुरावांनी डोळे मिटून दोन्ही पाहिले. "लागतात."

मालतीबाई आत गेल्या. परातीपुढे बसलेल्या धनश्रीला त्यांनी कोपराने ढकललं.

"सरक. भाकरी मी थापस. तू नुसती शेक. उजव्या हातनी."