मी, पहिल्या रांगेतली रिकामी खुर्ची

मी एक जुनी लोखंडी घडीची खुर्ची आहे. मित्रांनो, तुम्हाला वाटेल, ही आता गोड गोड बोलेल, किती जणांना टेकायला जागा दिली ते सांगेल. ते डोक्यातून काढून टाका. मी रागावलेली आहे. गेल्या उन्हाळ्यापासून रागावलेली आहे, आणि हा राग उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे यंत्रांची झाकणे करून उरलेले पत्रे आणि नळ्यांचे तुकडे कोपऱ्यात पडून असत. त्या कारखान्याचा एक बँड होता आणि बँडचे एक मास्तर होते. दिवसभर यंत्रावर काम आणि संध्याकाळी क्लॅरिनेट, असा त्यांचा दिवस. उन्हाळ्यात पंख्याखालीसुद्धा जीव घाबरा होतो, म्हणून माणसे संध्याकाळी तळ्याकाठच्या बागेत येऊन नुसती बसायची. "बसलेच आहेत, तर ऐकतील तरी," असे म्हणून मास्तरांनी एका रविवारी बँड बागेत नेला. पोरे गवतावर बसली, पण म्हाताऱ्यांची पंचाईत झाली. मग मास्तर वेल्डरच्या मागे हात धुऊन लागले आणि उरल्यासुरल्या नळ्यांतून त्यांनी आम्हाला करून घेतले. यंत्रांचा हिरवा रंग शिल्लक होता, तोच आमच्या अंगाला फासला.

वेल्डर म्हणाला, "मास्तर, दिसायला काही खास नाहीत हं."

"त्यांच्याकडे बघायला कोण येणार आहे?" मास्तर म्हणाले. "माणूस बसला की खुर्ची दिसते कुठे!"

ते दिवस चांगले होते, हे रागातही कबूल करते. उन्हाळाभर दर रविवारी मैफल असे. तिकीट नाही, पास नाही. आम्ही पंपाच्या खोलीच्या भिंतीला टेकून उभ्या असायचो. ज्याला हवी त्याने खुर्ची उचलावी, मांडावी, आणि जाताना घडी करून परत ठेवावी. ज्याला उभे राहवत नाही असा कुणी आला, की बसलेल्याने न सांगता उठावे. एवढाच काय तो नियम. तो कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून सगळ्यांना पाठ होता.

आणि संगीत तरी किती तऱ्हांचे! एका रविवारी पितळी बँड, दुसऱ्या रविवारी ख्याल गाणाऱ्या बाई, मग व्हायोलिनवाले, मग डोंगरातले ढोलवाले. ढोलवाले आले की माझे खिळे ढिले व्हायचे. ते मला आजही आवडत नाहीत. एकदा रॅप करणारी पोरे आली. म्हातारे कपाळाला आठ्या घालून बसले, पण पायांनी ठेका धरलाच. मला सांगू नका, माणसाचे तोंड काहीही म्हणो, त्याचे पाय माझ्या पायांशेजारी असतात.

पुढे मास्तर थकले. यंत्रांच्या आणि नगाऱ्यांच्या शेजारी आयुष्य काढल्यामुळे त्यांचे कान जवळजवळ गेले. मैफलींचा कारभार एका नव्या मंडळाकडे गेला, आणि मंडळाबरोबर एक अध्यक्ष आले. माणूस वाईट नाही, असे लोक म्हणतात. लोकांना म्हणू दे.

अध्यक्षांना आमची लाज वाटली. पाहुणे काय म्हणतील! मग आम्हाला पांढऱ्या खोळी चढल्या आणि पाठीवर सॅटिनच्या फितीची ही एवढी मोठी गाठ आली. भर उन्हाळ्यात मला झबले! वर छातीवर चिठ्ठी: 'राखीव'. पुढच्या तीन रांगा अशा नटवून ठेवल्या, त्यांच्यामागे दोरी बांधली आणि दोरीमागे माणसे उभी केली. पाहुणे उशिरा यायचे, फोटो काढून घ्यायचे आणि दुसरे गाणे सुरू व्हायच्या आत घड्याळाकडे बघत निघून जायचे. काही तर यायचेच नाहीत. गाणारे बिचारे डोळे उघडायचे ते समोर पांढरी फडकी बघायला. मैफल फुकट होती, आणि पहिल्या रांगेतली जागाही फुकट जात होती. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण मी पडले खुर्ची! उठून जाता येत नाही की कुणाला हाताला धरून बसवता येत नाही.

आता त्या संध्याकाळचे सांगते.

मास्तरांची नात त्यांच्याकडेच क्लॅरिनेट शिकली होती. घरी ती वाजवायची तेव्हा ते तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसत. तेवढ्या जवळून त्यांना अजून ऐकू येई. वर्षभरात तेही जाईल, असे डॉक्टर म्हणाले होते. हे सगळे तिने पुढे एकदा माझ्यावर बसून मैत्रिणीला सांगितले, म्हणून मला माहीत. त्या रविवारी ती बागेत पहिल्यांदा वाजवणार होती. मंच बुटका, पहिली रांग त्याला अगदी खेटून. तिथे बसले तर आजोबांना ऐकू येणार होते. मागे बसले तर नाही. आणि पुढच्या वर्षी कुठेही बसले तरी नाही.

मंडळालाही अवदसा आठवली ती त्याच दिवशी. मास्तरांचा सत्कार करायचा, पण आधी कुणाला सांगायचे नाही. मास्तरांना नाही, नातीलाही नाही. आयत्या वेळी चकित करायचे! माझ्या चिठ्ठीवर छापले: 'मा. संस्थापक'. त्यांना आणायला गाडी पाठवली. पण मास्तर केव्हाच घराला कुलूप लावून, हातात पाण्याच्या बाटलीची पिशवी घेऊन, पायी निघाले होते. बागेत जायला गाडी लागते हे त्यांच्या डोक्यातच नव्हते.

ते मागच्या फाटकाने आले आणि सरळ माझ्यापाशी येऊन उभे राहिले. चिठ्ठी वाचली. आपण कशाचे संस्थापक आहोत असे त्यांना कधी वाटलेच नव्हते. मंडळाचे कुणी मोठे गृहस्थ असतील, असे समजून ते शेजारच्या खुर्चीकडे वळले. तेवढ्यात छातीवर बिल्ला लावलेला एक स्वयंसेवक धावत आला.

"आजोबा, मागे. दोरीच्या मागे."

मास्तरांनी कानाकडे बोट दाखवले. "मला ऐकू येत नाही रे, म्हणून पुढे बसतो."

"ऐकू येत नाही तर पुढे बसून करणार काय, आजोबा?" बिल्लेवाला म्हणाला, आणि आपण फार मार्मिक बोललो अशा थाटात हसला. मास्तरांना ते ऐकू आले नाही. समोरचा हसतो आहे म्हणून तेही हसले, मान डोलावली आणि मागे गेले. नळाच्या ओट्यावर टेकले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बिल्लेवाल्यावर तर भडकलेच, पण मास्तरांवरही भडकले. अहो, वाद घाला! आवाज चढवा! ज्यांनी आम्हाला या बागेत आणले त्यांनीच असे गुपचूप मागे जावे? चांगुलपणालाही काही मर्यादा असते.

मग भाषणे झाली. गाडीवाल्याने येऊन अध्यक्षांच्या कानात सांगितले की घराला कुलूप आहे. अध्यक्षांनी क्षणभर विचार केला आणि माईक हातात घेतला. "ज्यांनी ही परंपरा सुरू केली, ते आपले आदरणीय मास्तर प्रकृतीच्या कारणाने आज येऊ शकलेले नाहीत. तरी त्यांचा सन्मान आपण करणारच!" असे म्हणून ते खाली उतरले आणि त्यांनी भला मोठा पुष्पगुच्छ माझ्यावर ठेवला. माझ्यावर! रिकाम्या खुर्चीवर! आणि हात जोडून फोटो काढून घेतला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागे नळाच्या ओट्यावरून मास्तरांनी इकडे तिकडे पाहिले. भोंग्यातून त्यांना नुसता गोंगाट ऐकू येत होता. सगळे टाळ्या वाजवत आहेत, म्हणजे कुणाचे तरी काही चांगले झाले असेल, असे वाटून त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि तेही टाळ्या वाजवू लागले.

ते नातीने मंचाच्या कडेवरून पाहिले.

ती खाली उतरली. तिने गुच्छ उचलून अध्यक्षांच्या हातात दिला, चिठ्ठी ओढून काढली, आणि खोळीसकट माझी घडी केली.

"अगं, अगं, ती राखीव आहे!" अध्यक्ष म्हणाले.

"माहितेय. ज्यांच्यासाठी आहे ते मागे नळापाशी बसलेत," ती म्हणाली. "आणि प्रकृती उत्तम आहे त्यांची. चालत आलेत."

तिने मला काखेत मारले, दोरी ओलांडली, आणि ओट्याजवळच्या चिखलात मांडले. माझी पांढरी खोळ बरबटली. त्या दिवशी मला झालेला तेवढाच काय तो आनंद. मास्तर बसले. ती त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून ओट्यावर बसली आणि वाजवू लागली. माईक नाही, भोंगा नाही. उभी असलेली माणसे वळली आणि गोल करून गवतावर बसली. मास्तरांची बोटे माझ्या कडेवर हलत होती. एका ठिकाणी ते बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात एकदम ओरडले, "घाई करू नकोस!" सगळे हसले. नातही वाजवता वाजवता हसली, सूर फुटला, तिने तो परत धरला, आणि लय खाली आणली. त्यांना ऐकू येत होते.

इथे गोष्ट संपवली तर तुम्हाला बरे वाटेल. पण पुढच्या रविवारी माझी खोळ धुऊन पुन्हा चढली. दोरी पुन्हा बांधली. बिल्लेवाला आता मास्तरांना ओळखतो; त्यांना हाताला धरून पुढे आणतो, आणि दुसऱ्या म्हाताऱ्यांना मागे पाठवतो. म्हणजे तो शिकला काय? काहीच नाही!

या उन्हाळ्यात मास्तरांना काहीही ऐकू येत नाही. नातीचे बागेतले पहिले वाजवणे ऐकायची ती एकच संध्याकाळ होती, आणि ती मंडळाने फुलांच्या गुच्छासाठी जवळजवळ उडवलीच होती.

म्हणून, मित्रांनो, मला पुसून ठेवा, तेल घाला, गंज चढू देऊ नका, असे काही मी तुम्हाला सांगत बसणार नाही. गंजले तर गंजू दे. फक्त एवढे करा. कुठल्याही मैफलीत पुढे रिकामी खुर्ची आणि मागे ताटकळलेला माणूस दिसला, तर चिठ्ठीवर काय लिहिले आहे ते वाचूही नका. चिठ्ठी काढा आणि त्या माणसाला बसवा. कुणी अंगावर आलेच तर त्याला सांगा, खुर्चीनेच सांगितले आहे.