मुठीत मावेल असा

“मुठीत मावेल असा दाखवा,” आई म्हणाली आणि फौजदारने कान टवकारले.

फौजदार म्हणजे आईची दहावीतली मुलगी. हे नाव बाबांनी ठेवलं होतं. साखरेच्या डब्यात मुंगी शिरली तरी ही पोरगी आधी तिचा जबाब घेईल, असं ते म्हणायचे. खरं तर गेल्या वर्षापर्यंत ती वर्गात खाली मान घालून बसणारी होती. मग शाळेच्या भाषण स्पर्धेत बाईंनी तिला बळेबळेच उभं केलं, आणि बोलता बोलता तिला शोध लागला की आपल्याला बोलता येतं. तेव्हापासून तिच्या तोंडाला झाकण राहिलं नव्हतं.

विक्रेतीने काचेच्या टेबलावर दोन फोन शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींच्या पाठीला एक एक वायर चिकटवलेली होती, चोरून नेऊ नयेत म्हणून.

“दोन्ही एकच आहेत, मॅडम. कॅमेरा तोच, आतलं सगळं तेच. जुळे भाऊ म्हणा. फक्त हा एक जरा खाऊनपिऊन सुखी.”

आई विक्रेतीच्या रंगवलेल्या ओठांकडे टक लावून बघत होती. हल्ली ती सगळ्यांकडे अशीच बघायची. फौजदार शाळेतून आली की आधी तिच्या तोंडाकडे. सुरुवातीला तिला वाटलं, आपण ओठांना काही लावतो का ते आई तपासते. मग वाटलं, आपण खोटं बोलतो का ते. एकदा तिने आरशासमोर उभं राहून खोटं बोलताना आपलं तोंड कसं दिसतं ते पाहिलंही होतं. काही विशेष दिसलं नव्हतं.

पण आज संशय घ्यायची पाळी फौजदारची होती.

कारण ही बाई आपल्यासाठी कधी काही नवीन घेत नसे. तिच्या चपलेचा अंगठा तुटला तर ती तो शिवून आणायची. सरकारी दवाखान्यातल्या चौकशीच्या खिडकीत बसून तिने आयुष्य काढलं. एक्स-रे कुठे, रक्त कुठे तपासतात, बाळंतिणींचा मजला कोणता, हे दिवसभर सांगायचं आणि घरी येऊन भांडी घासायची. बाबांचा जुना फोन तिला मिळे आणि तो मरेपर्यंत ती वापरे. आणि तीच बाई काल रात्री जेवताना म्हणाली, मला चांगल्यातला, अगदी महागातला फोन घ्यायचाय. दूरच्या बांधकामावरून दोनच दिवसांसाठी घरी आलेल्या बाबांनी मान डोलावली. का म्हणून विचारलंसुद्धा नाही.

का विचारलं नाही? आणि बाबा बाहेरगावी असले, त्यांचा फोन आला, की आई तो कापून का टाकते? ‘मेसेज करा’ एवढंच का लिहिते? चष्मिस, म्हणजे फौजदारची वर्गातली मैत्रीण, हिच्या घरी असंच झालं होतं. आधी आईबाबांनी एकमेकांशी बोलणं सोडलं, मग सगळं मेसेजवर, मग चष्मिसला दोन घरं झाली. तिचं भूगोलाचं पुस्तक कायम दुसऱ्या घरी असतं.

“मोठा घे ना,” फौजदार म्हणाली. “व्हिडिओ किती छान दिसतील.”

आईने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तिने छोटा फोन उचलला, बोटं मिटली, उघडली. मग विक्रेतीला म्हणाली, “आपण बोललो की अक्षरं लगेच उमटतात ना? माझ्या जुन्या फोनवर अक्षरं येईपर्यंत माणूस निघून जातं.”

“लगेच, मॅडम. तुम्ही बोला, तो लिहितो.”

“आणि आवाज नाही ना करत?”

“अजिबात नाही.”

कोणाला इतक्या घाईने लिहायचंय हिला? आणि तेही मुठीत लपवून, आवाज न करता? दिवसभर खिडकीत बसून ही कोणाशी बोलते?

“आई, तुला कोणाला मेसेज करायचेत?” तिने विचारलं. आई फोनकडे बघत होती. उत्तर नाही. हेही आता नेहमीचं झालं होतं. गैरसोयीचा प्रश्न आला की आई दगड व्हायची.

मग आईने जे केलं ते पाहून फौजदारला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. टेबलावर किमतींचा पुठ्ठ्याचा फलक उभा होता. आईने छोटा फोन त्याच्या मागे आडवा सरकवला. टेबलाच्या पलीकडे जाऊन गिऱ्हाइकासारखी उभी राहिली. वाकली. उजवीकडून बघितलं, डावीकडून बघितलं. परत येऊन फोन आणखी आत ढकलला.

दाराशी उभा असलेला सुरक्षारक्षक दोन पावलं जवळ आला. त्याच्या धंद्यात फोन फलकामागे सरकवणारी बाई म्हणजे काय, हे त्याला ठाऊक होतं.

“आई, पुरे,” फौजदार दातओठ खात कुजबुजली. “लोक बघतायत.”

“इथून दिसत नाही ना गं?” आईने पाठमोऱ्यानेच विचारलं आणि फोन अजून थोडा ओढला.

वायर निसटली आणि भोंगा सुरू झाला. बारीक, चिरका, कानात सुई घालावी असा. दुकानातली झाडून सगळी माणसं वळली. कडेवरचं एक पोर रडायला लागलं. रक्षक “ओ बाई, ओ बाई” करत धावला. विक्रेती किल्ली शोधत खण उपसू लागली.

एकटी आई वळली नाही.

ती तशीच वाकून, मान तिरकी करून, फलकाच्या कडेने बघत होती. भोंगा तिच्या कोपराशी ओरडत होता आणि तिच्या चेहऱ्यावर, सुईत दोरा ओवताना असावी तशी, शांत एकाग्रता होती. “या बाजूने मात्र थोडा दिसतो,” ती म्हणाली.

रक्षकाने तिच्या खांद्याला हात लावला तेव्हा ती दचकली. आधी त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग सगळ्यांच्या तोंडांकडे, मग मुलीकडे. आणि मुलीचा चेहरा वाचून तिला कळलं की मुलीला कळलं.

विक्रेतीने किल्ली फिरवली. भोंगा थांबला.

“चुकून झालं, काका,” फौजदार रक्षकाला म्हणाली. तिचा आवाज स्वतःलाच परका वाटला. “आम्ही फोन ठेवून बघत होतो. आलोच आम्ही.”

दुकानाबाहेर जिना होता. दोघी पायरीवर बसल्या. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

“कधीपासून?” फौजदारने विचारलं, आणि मग आईकडे तोंड करून, परत एकदा.

“हळूहळूच. आधी बारीक आवाज गेले. दाराची घंटा, घड्याळाचा गजर. मग लहान पोरांचे. बाबांचा जाड आवाज समोरून बोलले तर कळतो. फोनवर नाही कळत. म्हणून मेसेज.”

“त्यांना माहितीय?”

“त्यांनीच कानाच्या डॉक्टरकडे नेलं. कानाचं यंत्रही घालून बघितलं. तिथल्या शांत खोलीत बरं वाटलं ते. पण खिडकीत घातलं की स्ट्रेचरची चाकं डोक्यावरून गेल्यासारखी वाटतात, आणि समोरच्या माणसाचा आवाज मात्र होता तिथेच राहतो.”

“मग तू काम कसं करतेस?”

आई किंचित हसली. “माणसं काय विचारणार ते हातात घेऊन येतात गं. हातात बाटली असली की रक्त-लघवीची तपासणी. डबा असला तर भेटायची वेळ. गोधडी आणि बादली, म्हणजे भरती करायला आलेत. तोंड उघडायच्या आत मी सांगून मोकळी. लोक म्हणतात, बाई हुशार आहे. आणि ओठ दिसले तर उरलेलं वाचते. पण दवाखान्यात अर्धे लोक मास्क लावून येतात. मागे एक आजी आल्या. हातात काही नाही, तोंडावर मास्क. मी अंदाजाने वरच्या मजल्यावर पाठवलं. तासभर बसून राहिल्या तिथे. त्यांचा माणूस खाली एकटा. काही बिघडलं नाही. पण बिघडलं असतं.”

“म्हणून अक्षरं.”

“म्हणून अक्षरं. पण कोणाला दिसायला नको. साहेबांना कळलं तर मागच्या खोलीत बसवतील, कागदांना भोकं पाडायला. मी खिडकीतली बाई आहे गं. मला मागच्या खोलीत नाही जमणार.”

फौजदारच्या डोक्यात शाळेचं सभागृह उभं राहिलं. पहिल्या रांगेत आई. सगळ्यांच्या टाळ्या सुरू झाल्यावर, जरा मागाहून, आईच्या टाळ्या. तेव्हा तिला वाटलं होतं, आई भारावून गेली असेल.

“माझं भाषण ऐकू आलं होतं तुला?”

आईने खोटं बोलायला तोंड उघडलं. खोटं बोलताना तोंड कसं दिसतं ते फौजदारने आत्ता पाहिलं.

“दिसलं,” आई शेवटी म्हणाली. “तू हात कसा वर केलास ते दिसलं. सगळे हसले ते दिसलं.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तू नुकती बोलायला लागली होतीस. किती गप्प पोर होतं माझं. म्हटलं, हिला सांगितलं की ऐकू येत नाही, तर ही परत गप्प बसेल.”

फौजदारने नाक पुसलं आणि आईला हात धरून उठवलं.

दुकानात रक्षक आता त्यांच्या अगदी मागेच उभा राहिला. विक्रेतीने या खेपेला वायर काढूनच फोन हातात दिले, पण नजर हलवली नाही. फौजदारने दोन्हींवर अक्षरं उमटवायची सोय सुरू करून घेतली. ओढणी तोंडावर घेतली, टेबलाच्या पलीकडे गेली आणि म्हणाली, “बाई, एक्स-रे कुठे काढतात?”

आईने छोटा फोन तळहातात धरला. चष्मा खाली सरकवला, मान खाली घातली, डोळे बारीक केले. “एक्स-रे,” तिने वाचलं. वर बघेपर्यंत वेळ गेला.

“हे बघ,” फौजदार ओढणी काढून म्हणाली. “मी रांगेतली बाई आहे. माझं माणूस आजारी आहे, आणि खिडकीतली बाई मांडीवर फोन घेऊन त्यात डोकं घालून बसली आहे. मला काय वाटेल? कामाच्या वेळी रिकामटेकडी मोबाईल बघते. मी तर सरळ साहेबाकडे जाईन. लपवशील तर लोक भलताच संशय घेतील, आई. मी नाही का घेतला?”

“तू? काय घेतलास?”

“ते जाऊ दे.”

“काय घेतलास गं?”

“जाऊ दे म्हटलं ना.”

आईने मोठा फोन उचलला. टेबलावर फलकाला टेकवून उभा केला. फौजदारने परत ओढणी वर घेतली आणि विचारलं, “बाई, भेटायची वेळ काय?” अक्षरं ठळक, काळी, भराभर उमटली. आईला मान खाली घालावी लागली नाही. पण तो फोन दुकानाच्या दारातूनही दिसला असता. रक्षकाने मान लांब करून वाचलं आणि आपण वाचलं नाही असं दाखवलं.

आई बराच वेळ दोन्हींकडे बघत राहिली. छोटा एकदा मुठीत घेतला, बोटं मिटली. मग बोटं उघडून तो विक्रेतीसमोर परत ठेवला.

“हा,” ती मोठ्याकडे बघून म्हणाली. बस, एवढंच.

पुढच्या आठवड्यात एके दिवशी शाळा लवकर सुटली तेव्हा फौजदार दवाखान्यात गेली आणि मुकाट्याने रांगेत उभी राहिली. काचेच्या आत, बोलायच्या भोकाशेजारी, फोन तिरका उभा होता, आतून वाचता यावा आणि बाहेरूनही दिसावा असा. पुढचे आजोबा बोलता बोलता अडखळले.

“हे काय, माझं बोलणं टिपून घेताय की काय? कशासाठी?”

“नाही हो, काका. मला कमी ऐकू येतं. तुम्ही बोलता ते इथे वाचते. मागाहून पुसून टाकते.” आईने हे मोठ्याने, अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं. मागून एका साहेबासारख्या दिसणाऱ्या माणसाने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

आजोबांनी वाकून फोन वाचला. “एवढं बोललो मी?”

“थोडं जास्तच बोललात. डावीकडे वळा, दुसरं दार.”

मग फौजदारची पाळी आली. काहीतरी झकास बोलायचं असं तिने ठरवलं होतं. पण काचेपाशी येताच ती नुसतं म्हणाली, “आई, मी आलेय.”

अक्षरं उमटली. आईचे डोळे तिकडे गेले. वाचून तिने मान हलवली, पण नजर फोनवरच ठेवून ती पुढच्या अक्षरांची वाट बघत राहिली. गेलं वर्षभर हीच बाई सगळं सोडून आपल्या तोंडाकडे बघायची, आणि आपण वैतागायचो, हे फौजदारला तिथे काचेसमोर आठवलं.

कागद सरकवायला काचेखाली फट होती. तिने त्यातून हात घातला आणि फोनवर तळहात ठेवला. फोन मोठा होता. अक्षरं बोटांच्या कडांनी थोडी दिसतच राहिली.

आईने वर बघितलं. थेट तिच्या ओठांकडे.

आवाज न करता, फक्त ओठ हलवून, फौजदार म्हणाली, “चल घरी.”

“थांब जरा,” आई म्हणाली. “मागे अजून दोघं उभे आहेत.”