थंडी न दिलेली रोपं

सरांनी रोपांचा ट्रे थेट प्रयोगशाळेच्या उबदार खोलीतल्या दिव्यांखाली सरकवला, आणि झारी धरलेला तिचा हात जागीच थांबला. थंड खोली शेजारीच रिकामी पडली होती. प्रयोग बघायला पाहुणे येतील तोवर फुलं हवीत, असं बजावून सर निघाले. बियाणं थंडी सोसलेल्या झाडांचं होतं, तेव्हा काम फत्ते, अशी त्यांची समजूत.

तिने सांगायला तोंड उघडलं आणि मिटून घेतलं.

या झाडात एक जनुक फुलाला अडवून धरतं, थंडी सोसल्याशिवाय फुलू देत नाही. थंडीत एक आरएनए तयार होतो. त्यापासून प्रथिन-बिथिन काही बनत नाही, म्हणून लोक त्याला कचरा समजत. त्या जनुकाला गप्प बसवायला तोच लागतो, हे तिने उमेदीची वर्षं घालवून शोधलं होतं. शोधनिबंधावर नाव मात्र एकट्या सरांचं. आयत्या बिळावर नागोबा! "हात तुझे, डोकं माझं," असं वर हसून सांगितलं होतं. त्या डोक्यात एवढंही शिरलं नव्हतं, की बी धरताना झाड थंडी विसरतं आणि पुढच्या पिढीला ती नव्याने सोसावी लागते.

आता भोगा म्हणावं. ती रोज निगुतीने पाणी घालत राहिली आणि नुसती पानं फोफावताना बघत राहिली.

पाहुणे आले. टेबलावर हिरवागार पाला, कळी औषधालाही नाही. सरांनी घसा खाकरला.

"खरं सांगायचं तर हे काम मुळात हिचं. कल्पनासुद्धा हिचीच. माझं आपलं नुसतं नाव."

हे ऐकायला ती वर्षानुवर्षं आसुसली होती. आता नाही म्हणावं तर शोध हातचा जाणार, हो म्हणावं तर ही फजिती पदरात पडणार.

"हो, माझंच आहे," ती म्हणाली.

पाहुण्यांतल्या वयस्कर बाई तिच्याकडे कौतुकाने बघू लागल्या. मग चुकलं कुठे, त्यांनी विचारलं. रोपांना थंडी दिलीच नाही, तिने सांगितलं आणि कारणही समजावलं. सर मध्येच काही बोलू लागले, तसं बाईंनी त्यांना हातानेच थांबवलं.

"हे तुमच्या कधी लक्षात आलं?"

"पहिल्याच दिवशी. यांनी ट्रे ठेवला तेव्हाच."

बाईंच्या चेहऱ्यावरचं कौतुक मावळलं. तिला ते दिसलं, पण सरांचा पडलेला चेहरा बघून तिला हसू आवरेना.