मिस्त्रींनी उतरवलेली भिंत

मी एक जुना ओळंबा आहे. पितळेचा एक गोळा, त्याला बांधलेली सुती दोरी आणि दोरीत ओवलेला माझ्याच रुंदीचा लाकडी ठोकळा, एवढाच माझा संसार. गवंडी तो ठोकळा भिंतीच्या वरच्या टोकाला टेकवतो आणि मला खाली सोडतो. मी भिंतीला जेमतेम शिवलो तर भिंत सरळ, लांब राहिलो तर ती पुढे झुकलेली. मित्रांनो, या कामाला अक्कल लागत नाही आणि मला ती नाहीही. म्हणूनच अक्कल असलेल्या माणसांकडे मी आयुष्यभर मोठ्या कुतूहलानं बघत आलो.

नळाच्या जुन्या तोट्या वितळवून मला ओतलं गेलं. मागच्या जन्मी मी किती गळलो असेन, देव जाणे! या जन्मी मात्र मला मालक चांगला मिळाला. तो नवशिका गवंडी होता. पहिल्या कमाईतून त्यानं मला घेतलं आणि शर्टाच्या टोकानं पुसून पुसून पिशवीत ठेवलं. विटांचे तीन थर झाले की मला सोडायचं, असा त्याचा नेम होता. माझा झोका थांबेपर्यंत तो श्वासही जपून घ्यायचा.

वर्षं गेली, तो मिस्त्री झाला. लोक म्हणू लागले, "यांना ओळंबा कशाला? यांची नजरच ओळंबा आहे." खोटं कशाला बोलू, नजर होतीच तशी. ते आधी एक डोळा मिटून बघायचे, मग मला सोडायचे, आणि मी दर वेळी भिंतीला अलगद शिवायचो. दहा वर्षं मी त्यांना बरोबर ठरवत राहिलो आणि माझ्याच साक्षीनं माझी गरज संपली. मी पिशवीच्या तळाशी, थापीच्या खाली जाऊन पडलो.

अशातच शाळेच्या नव्या वर्गखोलीचं काम निघालं. खोलीला लागून एक जुनं गोदाम होतं. ते वर्षानुवर्षं इतकं हळूहळू कललं होतं की गावातल्या कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. नजरेला टेकायला काहीतरी लागतं. मिस्त्रींची नजर त्या गोदामाच्या कडेला टेकली आणि नवी भिंत त्याच्याच बरोबरीनं वर्गाच्या बाजूला झुकत वर गेली. दुसऱ्या दिवसापासून तिच्यावर छत चढणार होतं आणि त्या छताखाली चाळीस मुलं बसणार होती.

मिस्त्रींची बायको त्याच कामावर माल कालवायची. सगळे तिला मिस्त्रीणबाई म्हणत. तिनं घमेलं खाली ठेवलं आणि भिंतीकडे बघत राहिली.

"अहो, भिंत वर्गाकडे आल्यासारखी वाटतेय. एकदा ओळंबा सोडा ना."

"वीस वर्षं भिंती बांधतोय मी. आता तू शिकवणार?"

"शिकवत नाहीये. सोडा म्हणतेय."

तिचं तोंड बंद करायचं म्हणून त्यांनी मला पिशवीतून काढलं आणि खाली सोडलं. मी भिंतीपासून चांगला दोन बोटं लांब राहिलो.

"वारा आहे," मिस्त्री म्हणाले. वारा पडला, तरी मी तिथंच. "दोरीला पीळ पडलाय." पीळ काढला, तरी मी तिथंच. मग ते म्हणाले, "हा ओळंबाच बिघडलाय!"

मित्रांनो, मला फार लागलं. बिघडायला माझ्यात आहेच काय? नाचता येईना अंगण वाकडं, असं मी तेव्हा मनात म्हणालो. पण मिस्त्री खोटं बोलत नव्हते, त्यांना ते मनापासून पटलं होतं. एखादा साधा माणूस वाऱ्यापाशीच हरला असता. मिस्त्री हुशार, म्हणून त्यांना एकामागून एक कारणं सुचत गेली. हुशार माणसाची चूक अशी मोठी होत जाते, हे मी त्या दिवशी शिकलो.

सिमेंटच्या खोलीचं कुलूप मिस्त्रीणबाईनं सुतळीला बांधलं आणि शिडी चढून भिंतीवरून सोडलं. सुतळी वर भिंतीपासून एक बोट होती, खाली गेली तीन बोटांवर.

"आता कुलूपही बिघडलंय म्हणा."

सळया बांधणारा फिस्सकन हसला. ती त्याच्यावर उखडली, "हसताय काय? तुम्हाला दिसलं नव्हतं?"

त्याला दिसलं होतं. सुतारालाही दिसलं होतं. देखरेख करणाऱ्या साहेबांनाही दिसलं होतं. मिस्त्री बोलत नाहीत म्हणजे ठीकच असणार, असं सुतार समजला. सुतार बोलत नाही म्हणून सळयावाला गप्प, आणि सगळेच गप्प म्हणून साहेब गप्प! प्रत्येकानं दुसऱ्याच्या गप्प बसण्याला होकार मानलं होतं.

तेवढ्यात मुख्याध्यापिका अंगण ओलांडून आल्या. "मिस्त्री, झाली ना हो भिंत? मुलं रोज विचारतात."

मी मिस्त्रींच्या मुठीत लटकत होतो. जाड गिलावा दिला असता तर दोन बोटं सहज झाकली गेली असती. हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही.

"झाली होती, बाई," ते म्हणाले. "पण वाकडी झालीय. चूक माझीच आहे. उतरवतो आणि पुन्हा बांधतो. आठ दिवस उशीर होईल."

मग ते स्वतः शिडी चढले. पहिली वीट त्यांनी स्वतःच्या हातानं काढली.

लोक माझ्या सरळपणाचं कौतुक करतात तेव्हा मी शरमतो. वजन मला खाली ओढतं आणि मी लटकतो, यात माझी कसली करामत? मिस्त्रींचं नाव, वीस वर्षांची वाहवा, सगळ्यांच्या रोखलेल्या नजरा, सगळं त्यांना एकाच बाजूला ओढत होतं आणि तो माणूस उलट बाजूला उभा राहिला. पडलो तरी नाक वर म्हणणारे मी ढिगानं पाहिले आहेत. नाक खाली करून भिंत वाचवणारा हा एकच पाहिला, आणि त्याचा ओळंबा असल्याचा मला अभिमान आहे.

नवी भिंत बांधताना मिस्त्रींनी एक रीत पाडली. तीन थर झाले की ते माझी दोरी बायकोच्या हातात द्यायचे आणि स्वतः पाठ फिरवून उभे राहायचे. आपल्या नजरेला 'बरोबर' बघायची घाई असते, हे त्यांना कळून चुकलं होतं.

"सरळ आहे," मिस्त्रीणबाई म्हणायची.

"पुन्हा बघ," ते म्हणायचे.

आता लाल किरण सोडणारी यंत्रं आली आहेत. माझी दोरी कुजली आहे आणि मी एका खिळ्यावर धूळ खात असतो. मला घासूनपुसून चकचकीत करा, असं मी म्हणणार नाही. पण मित्रांनो, तुमची वाहवा चालू असताना 'एकदा बघा ना' म्हणणारं कुणी तुमच्याजवळ असेल, तर त्या माणसाला जपा. त्या वर्गात मुलं अजून बसतात. भिंतीला पाठ टेकवतात, वही मांडीवर घेतात आणि मागं वळून तिच्याकडे एकदाही बघत नाहीत.